चौथी वायर

"अगं, अँटेना तीन आणि भोक एकच, असं कसं असेल?" आईने बाल्कनीच्या दारातून विचारलं.

मिसुझू गुडघे टेकून तेच विचारत होती, फक्त मनात. बाबांच्या स्कॅनर रेडिओला मागे खरंच एकच भोक होतं. कठड्याला मात्र तीन अँटेना बांधलेल्या: एक प्रवासी विमानांचं बोलणं ऐकायला, एक लष्करी विमानांचं, आणि तिसरी, बाबांच्या शब्दांत, "असू दे". बाबा हिवाळ्यात गेले. त्यांच्या फोटोसाठी कपाट रिकामं करताना आईने सगळ्या वायरी उपटल्या, तेव्हापासून रेडिओ नुसता खरखरत होता.

एरवी चाललं असतं. पण आज ओबोनची संध्याकाळ, बाबा गेल्यानंतरची पहिलीच. घरी येणाऱ्या पितरांना वाट दाखवायला दारात जाळ करायचा, तर इमारतीत जाळाला बंदी.

"जाळ नाही तर नाही," आई म्हणाली. "अंधार पडायच्या आत रेडिओ बोलता कर. इतामी विमानतळाच्या टॉवरचा आवाज आला की हे बरोबर घरी येतील. नाहीतर बसतील विमानतळावरच, विमानं बघत."

खणात मिसुझूला एक डबी सापडली. एका बाजूला तीन तोंडं, दुसऱ्या बाजूला एक. सोबत सिग्नल वाढवणारा एक बूस्टर. कोडं सुटलं! फक्त वायरी चार निघाल्या. चौथी, करडी, कपाटामागून आली होती. बाबांचा काय नेम, असेल कुठेतरी चौथी अँटेना, म्हणून तिने तीही बूस्टरला जोडली आणि बटण दाबलं.

रेडिओ खरखरतच राहिला. खालच्या मजल्यावरून मात्र "अरेरे!" असा आर्त स्वर उठला. मग वरूनही.

बेल वाजली. खालचे किताओकासान बनियनवरच आले होते.

"तक्रार नाही हं," ते कमरेत वाकून म्हणाले. "मॅच छानच चालली होती. आपल्याच गावची शाळा, शेवटचा डाव. मग चित्राचे नुसते चौकोन झाले. आमचाच टीव्ही जुना म्हणा. सहज विचारलं, तुमच्याकडे काही..."

करडी वायर कोणाची, हे मिसुझूच्या लख्ख ध्यानात आलं. इमारतीच्या सामाईक टीव्ही-अँटेनाची! तेवढ्यात आई बाहेर आली.

"अगंबाई, पहिल्या ओबोनला आठवणीने आलात!"

किताओकासाननी एकदा स्वतःच्या बनियनकडे पाहिलं आणि चपला काढल्या. ते आत गेले, फोटोपुढे बसले आणि उदबत्ती लावली.

मग इमारतीच्या रहिवासी मंडळाच्या अध्यक्ष मोरितानीबाई तावातावाने जिना चढून आल्या. बनियनमध्ये हात जोडून बसलेले किताओकासान बघून त्या आल्या पावली वळल्या आणि कलिंगड घेऊन परतल्या. पुढे तोच क्रम पडला. भांडायला येणारा दारातली चपलांची रांग बघायचा, चपापायचा आणि खाली जाऊन काहीतरी घेऊन यायचा. पीच आले, जेली आली, बार्लीचा गार चहा संपला.

"इतकी माणसं!" आई फोटोकडे बघत म्हणाली. "हे म्हणायचे, मला इथे ओळखतं कोण?"

"असं कसं, वहिनी?" किताओकासान म्हणाले. "माझी लेक साप्पोरोहून यायची तेव्हा यांचा फोन ठरलेला. 'विमान अजून घिरट्या घालतंय, तू आंघोळ उरकून घे.'"

मिसुझूने किताओकासानना स्वयंपाकघरात गाठलं. "चूक माझी आहे. ती वायर..."

"श्श! वहिनींना कळू देऊ नका. करडी तेवढी काढा. आणि ती डबीही. तीन कान लावले म्हणून जास्त ऐकू येतं का? तुमच्या बाबांनाही सांगून थकलो होतो मी."

तिने सगळं सोडवलं आणि हाताला लागली ती एकच अँटेना जोडली. खरखर थांबली. टॉवरवरची मुलगी शांतपणे कुणाला तरी उतरायची परवानगी देत होती. बाहेर उजेड अजून होता. आईने खिडकीकडे बघून हात जोडले.

पाहुणे निघाले. मॅच बुडाल्याचा चकार शब्द एकानेही काढला नव्हता. मिसुझू दारात उभी राहून प्रत्येकापुढे वाकली, नेहमीपेक्षा खोल, आणि शेवटची पावलं जिन्यावर विरेपर्यंत तशीच राहिली.

आत आई कलिंगड कापत होती.

"मिसुझू, उद्या दुपारी ती करडी वायर परत लावशील, जरा वेळ?"

"आई!"

"तिसऱ्या मजल्यावरचं कोणीच आलं नाही गं."