झडतीत न सापडलेलं राज्य

पिंगळेकाकांचं नाव आधी घेते, मग बाकीचं सांगते. ते नसते तर मी आजही नाशिकरोडच्या त्या खोलीत आतून कडी लावून बसलेली असते. माझं शिक्षण आठवीपर्यंत, तेही वाशीमकडच्या एका खेड्यात. लिहिण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्या. पण हे सांगायला आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

काकांना मी पहिल्यांदा पाहिलं ते हात वर केलेले. लग्न होऊन मी नाशकात आले त्याला आठवडा झाला असेल. शेजारच्या खोलीतले हे म्हातारे गृहस्थ आमच्याकडे चहाला आले, बशीत ओतून प्यायले, उठले, चपला घातल्या आणि निघायच्या ऐवजी उंबऱ्यात आमच्याकडे तोंड करून उभे राहिले. लेंग्याचे दोन्ही खिसे उलटे करून बाहेर काढलेले, सशाच्या कानांसारखे. बाह्या वर सारलेल्या. दोन्ही हात छताकडे. मला वाटलं, यांना कसला तरी झटका आला. आमचे हे मात्र शांतपणे उठले, काकांच्या खांद्यावरून कंबरेपर्यंत हात फिरवला आणि म्हणाले, "काही नाही. जा काका." काका समाधानाने गेले.

मग ह्यांनी मला समजावलं. काकांचा उभा जन्म सरकारी छापखान्यात गेला, जिथे पोस्टाची तिकिटं छापतात. तिथून कपटासुद्धा बाहेर जाता कामा नये, म्हणून सुटताना रोज गेटवर झडती. नोकरी संपली, सवय राहिली. साऱ्या चाळीने हे मान्य केलं होतं. पोरं तर काकांची झडती घ्यायला रांग लावायची. भाजीवाली एका हातात तागडी धरून दुसऱ्या हाताने त्यांचे खिसे चाचपायची आणि म्हणायची, "जा बाबा, सुटलास." एका लग्नात काका मांडवाच्या दारात हात वर करून उभे राहिले तेव्हा नवऱ्या मुलाच्या मामाला वाटलं, हे आशीर्वाद देतायत. तो पाया पडला. काका हात वर ठेवूनच म्हणाले, "ते नंतर. आधी खिसे बघा."

असा हा माणूस. आणि ह्या माणसाकडे एक राज्य होतं.

राज्याचं नाव ओल्मार. युरोपात, डोंगरांच्या मध्ये. बँकेच्या कॅलेंडरवर जगाचा नकाशा होता, त्यावर काका बोट ठेवायचे. "हे इथं." मी वाकून पाहायची, तर बोटाशिवाय काही दिसायचं नाही. "बोटाखाली आलंय ना, म्हणून दिसत नाय," काका सांगायचे. बोट ते कधी उचलायचे नाहीत.

ओल्मारमध्ये एल्ना नावाची नदी आहे. हिवाळ्यात ती गोठते, मग टपाल घसरगाडीवरून येतं आणि पोस्टमन पडला की गावभर पत्रं होतात. राजवाडा आपल्या पांडवलेण्यांच्या डोंगराएवढ्या टेकडीवर. द्राक्षं होतात का, असं नाशिककर माणूस विचारणारच. "होतात, पण आंबट," काका म्हणायचे. "खोटं कशाला सांगू? आपल्याकडची गोडी तिकडं नाय." आजवर झालेल्या सगळ्या राजांचं नाव ओदो, आणि राजाला मिशा ठेवायची सक्ती. कारण राजा मेला म्हणून तिकिटावरचं चित्र बदलायला लागू नये. छापखान्यातल्या लोकांना त्रास होतो.

इतिहासात लढाई एकच. शेजारच्या राज्याशी, एका पुलावरून. पण दोन्हीकडचे सैनिक पाव खायचे ते एकाच बेकरीचा, आणि ती बेकरी पुलाच्या तोंडाशी. बेकरीवाला म्हणाला, तुमचं मिटेपर्यंत माझी भट्टी बंद. संध्याकाळी तह झाला. चौकात त्या बेकरीवाल्याचा पुतळा आहे, राजाच्या पुतळ्यापेक्षा वीतभर उंच.

हे सगळं काका पाणी भरताना, रॉकेलच्या रांगेत, कुणाच्या दहाव्याला, कुठेही सांगायचे. लोक हसायचे, पण ऐकायचे. चाळीत नळावरून भांडण लागलं की कुणीतरी विचारायचंच, "काका, तिकडं काय करतात हो?" काका तिकडचा कायदा सांगायचे आणि लोक आपापली भांडी घेऊन घरी जायचे.

फक्त एका प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नसायचं. तिकडचे लोक जेवतात काय? सणाला काय करतात? काका म्हणायचे, "ते खातं राणीसाहेबांचं. त्या सध्या माहेरी गेल्यात." किती वर्षं झाली, राणीसाहेब माहेरीच होत्या. यावरून चाळीतल्या बायका चेष्टा करायच्या, की काका, तुमच्या राजाचं काही खरं नाही, बाई परत यायची नाही. काका हसायचे. मीही हसले आहे.

मी तेव्हा भित्री होते. शहराची भीती, बसची भीती, तोंड उघडलं की आमची वऱ्हाडी बोली ऐकून कुणी हसेल याची भीती. हे सातपूरला कंपनीत शिफ्टला गेले की मी दार लावून घ्यायची. काकांनी हे पाहिलं, पण मला काही विचारलं नाही. ओल्मारचा कायदाच होता तसा. परकं माणूस गावात आलं तर पहिलं वर्षभर त्याला कुठली, कुणाची, काय शिकली, असलं विचारायचं नाही. फक्त जेवलीस का, एवढंच. रोज दुपारी दाराबाहेरून आवाज यायचा, "जेवलीस का गं?" मी आतून "हो" म्हणायची. नाशकात माझा पहिला शब्द तोच.

वर्ष सरल्यावर काकांनी मला बाहेर काढलं. म्हणाले, "नाशिकला घाबरतेस ना? मग नाशकात जाऊच नको. ओल्मारला चल. तिथं तुला कोण ओळखतं?" त्यांनी सगळ्या रस्त्यांना तिकडची नावं दिली. पोस्ट म्हणजे राजवाडा. उड्डाणपूल म्हणजे लढाईचा पूल. सरकारी दवाखाना म्हणजे राणीचा बाग. मी त्यांच्या मागून हिंडले आणि हळूहळू, खरंच, त्यांच्या बरोबरीने चालू लागले.

एकदा एकटी गेले. परतताना पोस्टात काम होतं. रिक्षावाल्याने विचारलं, कुठं? घाबरून माझ्या तोंडून निघालं, "राजवाडा." शरमेने मान वर होईना. तो मीटर पाडत म्हणाला, "पिंगळ्यांचा ना? बसा ताई. पुलावरून नेऊ का बेकरीवरून?"

पुढे सातपूरची कंपनी बंद पडली. हे वापीला कामाला गेले, महिन्या-दोन महिन्यांनी यायचे. मुलगी लहान होती. काका तिला सांभाळायचे आणि मी नाशकातच, अंबडला एका कारखान्यात पॅकिंगला लागले. पहिल्या दिवशी काका गेटपर्यंत सोबत आले. काम जमलं, बायका चांगल्या होत्या. पण संध्याकाळी सुटताना रांग लागली. गेटवरच्या बाईने हात वर करायला सांगितले आणि माझं अंग चाचपलं. डबा उघडून त्यातली उरलेली पोळीसुद्धा उलटून पाहिली. घरी येऊन मी रडले. म्हटलं, उद्यापासून जाणार नाही. उपाशी राहीन. आणि रागात काकांना विचारलं, की तुम्हाला हे इतकं आवडतं तरी कसं, अजून सोडवत नाही ते?

काका बराच वेळ माझ्या मुलीच्या झबल्याच्या घड्या घालत बसले.

मग म्हणाले, "गेटवरचं मी कधीच विसरलो पोरी. हे गेटवरचं नाय. हे घरचं आहे."

त्यांनी सांगितलं ते असं. लग्न झालं तेव्हा सुमनकाकू रोज संध्याकाळी विचारायच्या, आज काय केलं? आणि कामाबद्दल घरी एक अक्षर बोलायचं नाही असा छापखान्याचा नियम. नवीन लग्न, बोलायला विषय नाही, नवरा घुम्यासारखा बसलेला. एक दिवस काकू वैतागल्या आणि त्यांनी दारातच काकांना अडवलं. हात वर करा म्हणाल्या. खिसे उलटे केले, बाह्या पाहिल्या, टोपी झाडली. "काहीच आणलं नाही?" काका म्हणाले, आणलंय, पण गेटवर सापडलं नाही. आणि त्यांनी तिथल्या तिथे एक नदी सांगितली. नाव एल्ना.

तेव्हापासून रोज. दिवसभर यंत्रापुढे उभं राहून काका राज्यातलं काहीतरी एक घडवायचे, डोक्यात घालून गेट पार करायचे आणि घरच्या दारात हात वर करायचे. राजा, डोंगर, लढाई त्यांची. सण, लग्नं, स्वयंपाक काकूंचा. मूल झोपल्यावर दोघं मिळून राज्य चालवायचे. काकू गेल्या, आणि राणी माहेरी गेली. घरच्या दारात झडती घ्यायला कुणी उरलं नाही, तेव्हा काका मिळेल त्या दारात हात वर करू लागले.

"गेटवरची बाई तुझा डबा बघते," काका म्हणाले. "बघू दे. रोज एक गोष्ट अशी बाहेर आण, जी तिला सापडणार नाय. म्हणजे मग ती तुझी झडती नसते. तिची फजिती असते."

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. हात वर केले तेव्हा डोक्यात पुलावरची बेकरी होती. बाईने विचारलं, हसायला काय झालं? म्हटलं, काही नाही.

त्यानंतरची तीन-चार वर्षं चांगली गेली. मग काका विसरायला लागले. आधी चष्मा, मग भाजीवालीचं नाव. ते चालून गेलं. एकदा नळावर लढाईची गोष्ट सांगताना ते मधेच थांबले. बेकरीवाला काय म्हणाला ते आठवेना. त्या संध्याकाळी ते माझ्याकडे आले आणि दारात नुसते उभे राहिले. हात अर्धेच वर. म्हणाले, "सुमन विचारील ना गं. हात वर करा म्हणील. आणि माझ्याकडं काही नसलं तर?"

डॉक्टरांनी सांगितलं, जे आठवतं ते लिहून ठेवा. हैदराबादहून मुलाने, अविनाशदादांनी, चांगली जाड वही पाठवली. काकांनी ती हातातसुद्धा घेतली नाही. "कागद नको," म्हणाले. "कागद सापडतो."

मग उरले मी. शाळेत नद्या आठवल्या नाहीत म्हणून भूगोलाच्या तासाला बाकावर उभी राहिलेली मुलगी मी. मी ओल्मार पाठ केलं. कामावरून आले की चहा टाकायचा आणि काकांपुढे बसायचं. ते सांगायचे, मी म्हणून दाखवायची. हळूहळू उलटं झालं. मी सांगायची, ते ऐकायचे. नदी कुठे गोठते, घसरगाडी कुठे उलटते, पुतळा किती उंच. कुठे चुकले तर सुरुवातीला ते टोकायचे. पुढे टोकेनासे झाले, आणि मला भीती वाटू लागली की आता मी चुकले तर राज्याचा तेवढा तुकडा कायमचा गेला.

एक दिवस त्यांनी लहान मुलासारखं विचारलं, "पण तिकडं लोक जेवतात काय?"

मी म्हटलं, "ते खातं राणीसाहेबांचं आहे."

"कुठं आहेत राणीसाहेब?"

चाळीतल्या बायका, त्यांची चेष्टा, माझं हसणं, सगळं आठवलं. "माहेरी गेल्यात," मी म्हटलं.

"मग येईल," काका म्हणाले आणि निवांत झाले. चहा बशीत ओतून घेतला.

अविनाशदादा त्यांना न्यायला आले तेव्हा सगळी चाळ रस्त्यावर होती. माणूस चांगला आहे, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. बापाला एकटं ठेवण्यासारखं राहिलं नव्हतं. गाडीचं दार उघडलं आणि काका वळले. खिसे बाहेर, हात वर. अविनाशदादा अवघडले. म्हणाले, "बाबा, बसा ना. इथं कुणी काही बघत नाही."

मी पुढे झाले. ह्या सगळ्या वर्षांत झडती आमच्या ह्यांनी घेतली होती, पोरांनी घेतली होती, मी कधी घेतली नव्हती. मी बाह्या पाहिल्या. टोपी काढून झाडली, पुन्हा डोक्यावर ठेवली. उलटे खिसे आत सारले. विचारलं, "काय नेताय काका?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही, सांगता येत नाही.

"काही नाय," म्हणाले.

आणि ते खरं होतं. सगळं माझ्याकडे राहिलं होतं.

मी अजून अंबडलाच आहे. नव्या मुली लागतात, पहिल्या संध्याकाळी गेटवर त्यांचे डोळे भरतात. मी त्यांना एल्ना नदी देते. बाकी राज्य सांभाळून ठेवलं आहे. त्यात मी माझं काहीच घातलेलं नाही. लोक तिकडे जेवतात काय, ते अजून कुणाला माहीत नाही. ते खातं रिकामंच ठेवलं आहे.

हैदराबाद फार लांब आहे आणि मला अजून एकटीने रेल्वेत बसायची भीती वाटते. पण एक दिवस मी जाणार. अविनाशदादांच्या दारात हात वर करून उभी राहणार. काकांना मी कोण ते कळलं नाही तरी चालेल. दारात असं कुणी उभं राहिलं की काय करायचं, ते त्यांचे हात विसरले नसतील. त्यांनी माझी झडती घ्यावी. मग त्यांच्या शेजारी बसून, नदीपासून सुरुवात करून, मी त्यांचं राज्य त्यांना परत करीन.