स्थळ पाहणी

राजेश्वरीनं फोन लावला तेव्हा महिन्याची अठ्ठावीस तारीख होती आणि तिच्या नावावर एकही ऑर्डर नव्हती. त्यामुळं तिचा आवाज नेहमीपेक्षा जरा जास्तच गोड निघाला.

"नमस्कार. मी साताऱ्याहून बोलतेय, 'घरोबा'मधून. मेढ्याच्या जाफरभाईंनी तुमचा नंबर दिला. उद्या स्थळ बघायला आले तर चालेल का?"

पलीकडचा घोगरा आवाज एकदम उजळला. "चालंल म्हंजी? पळंल! किती मानसं येनार?"

"मी एकटीच."

"एकट्याच? बरं, बरं. आमचं पोरगं बी सुट्टीवर आलंय. योग म्हनायचा!"

मुलगा घरात आहे म्हणजे निर्णय जागच्या जागी होईल, असा हिशेब करून राजेश्वरीनं फोन ठेवला.

'घरोबा' म्हणजे सांगलीच्या विश्रामबागेतलं घरसजावटीचं दुकान. स्वयंपाकघरं, कपाटं, पलंग असं सगळं मापानं बनवून घरी बसवून द्यायचे. सातारा भाग राजेश्वरीकडं होता. पगार मात्र नव्हता. "पगार नोकराला असतो, ताई. तुम्ही पार्टनर आहात," असं मालक जयराज म्हणायचा. पार्टनर म्हणजे ऑर्डर मिळाली तर टक्केवारी, आणि नाही मिळाली तर एसटीचं तिकीटही आपलंच.

वर्षभरात तिनं दोन्ही तऱ्हांचे दिवस पाहिले होते. दिवाळीच्या तोंडावर एका आठवड्यात तीन ऑर्डरी झाल्या, तेव्हा जयराजनं तिला शाल दिली होती. त्यानंतर शाहूपुरीतले एक मास्तर भेटले. त्यांनी सात वेळा डिझाइन बदलून घेतलं आणि आठव्या वेळी तेच चित्र आपल्या सुताराच्या हातात ठेवलं. वर वास्तुशांतीला आग्रहानं बोलावलं. राजेश्वरी गेली, जेवली आणि सुताराचं माप कुठं चुकलंय तेही सांगून आली. न सांगता तिला घास उतरला नसता.

आता जयराजनं निरोप धाडला होता, या महिन्यात एक तरी ऑर्डर आणा, नाहीतर टॅब जमा करा. टॅब! सेहेचाळीसाव्या वर्षी, कुणी न शिकवता, बोटं भाजल्यासारखी उचलत-टेकवत ती त्यावर घरं काढायला शिकली होती. तो जमा करायचा म्हणजे पुन्हा खिडकीत बसून लोकांच्या ब्लाउजांना हुक लावायचे.

जयराजला मधेच मराठीची उबळ आली होती. खेड्यातल्या गिऱ्हाइकाला इंग्रजी बोचतं म्हणून त्यानं सगळे फॉर्म नवे छापले. 'साइट व्हिजिट'ची 'स्थळ पाहणी' झाली आणि नुसते आकडे असलेल्या किचनच्या डिझाइनना 'गौरी', 'पूजा' अशी नावं मिळाली. फॉर्म चांगला जाड कागदावर होता. राजेश्वरीला तर तो फार आवडला होता.

दुसऱ्या दिवशी मेढ्याच्या पुढं एसटीतून उतरून ती चढ चढून गेली, तेव्हा त्या घरापुढं सडा पडला होता. रांगोळी होती. सोप्यात नवी सतरंजी, तिच्यावर भावकीतली आठ-दहा माणसं, आणि मधोमध कडक इस्त्रीच्या शर्टात एक उंचापुरा जवान पाठीला काठी बांधल्यासारखा ताठ बसलेला.

एका किचनसाठी एवढी माणसं! राजेश्वरीला भरून आलं.

"या, या, ताई. मी नानासो," घोगरा आवाज पुढं आला. "ही आमची मालकीन लीलाबाई. ही भन अंजना. आन् ह्यो अर्जुना."

अर्जुनानं बसल्या जागी टाचा जुळवल्या. पोह्याची बशी आली. राजेश्वरीनं फॉर्म काढला, चष्मा लावला आणि भिंतींवरून नजर फिरवत पहिला रकाना घेतला.

"किती वर्षांचं झालं?"

"एकोनतीस," नानासो म्हणाले. "दिवाळीत तीस पुरी हुतील."

"काय सांगता! मला तर अगदी नवीन वाटलं."

"निगा ठिवली की वय दिसत न्हाई," अंजनाआत्या म्हणाली.

"याआधी कुणी बघून गेलं?"

"सहा-सात जन आलं की. बगत्यात, पोहे खात्यात, कळवतो म्हनत्यात. आन् मग गप."

सहा-सात कंपन्या! राजेश्वरीनं चष्मा सारखा केला. "का बरं? आत काही खोट आहे का? असली तर मोकळेपणानं सांगा. आणि आधीचं जुनं काही असलं तर तेही आत्ताच सांगा. ते मुळासकट काढल्याशिवाय आम्ही नवं देत नाही. मागनं फार त्रास होतो."

अर्जुनाचे कान लालबुंद झाले. नानासो उठूनच उभे राहिले. "तसलं काय बी न्हाई! जाफरला इचारा, गावात कुनाला बी इचारा!"

अंजनाआत्या लीलाबाईंच्या कानाला लागली. "वैनी, ती बारावीतली ह्यास्नी कुनी सांगितली गं?"

"गप!" लीलाबाईंनी कोपरानं ढोसलं.

"बरं, तुमच्या अपेक्षा काय आहेत?"

"आमची काय बी अपेक्षा न्हाई," नानासो पुन्हा बसले. "हितल्या पान्यापावसात टिकली म्हंजी झालं."

"त्याची काळजीच सोडा. आमच्याकडचं पाण्यानं फुगत नाही."

"हे ब्येस!" अंजनाआत्या खुलली. "न्हाईतर आमच्या चुलतसुनंला हितलं पानी मानवलं न्हाई. वर्सात अशी फुगली, दारातनं आडवी येती."

चुलतसुनेचं इथं काय काम, ते राजेश्वरीला कळलं नाही. पण गिऱ्हाईक बोलतं राहिलेलं बरं, हा धंद्याचा नियम. "दहा वर्षांची गॅरंटी असते आमची. लेखी," ती म्हणाली.

"धाच?" नानासोंचा चेहरा पडला. "आमच्यात जलमाची धरत्यात."

"दहा वर्षांत काही कुरकुरलं तर आमचा माणूस येऊन दुरुस्त करून जातो. फुकट."

सोप्यात सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. मागून एक म्हातारा हळूच म्हणाला, "आमच्या टायमाला ही सोय पायजे व्हती गड्या."

मग घर बघायचं ठरलं. नानासोंनी एकेक खोली उघडून दाखवली. घर पक्कं होतं, फरशी गुळगुळीत. शेवटची खोली उघडली आणि राजेश्वरी उंबऱ्यातच थांबली. पूर्वेची खिडकी, नळाची जोडणी, आणि आत भाताच्या पोत्यांशिवाय काहीसुद्धा नाही. ओटा नाही, मांडणी नाही. कोरं करकरीत स्वयंपाकघर!

"मग स्वयंपाक कुठं करता?"

"मागच्या छपरात," लीलाबाई म्हणाल्या. "खालीच मांडलाय ग्यास."

"ही खोली तशीच ठिवलीया," नानासो अर्थपूर्ण हसले. "कळलं न्हवं तुमास्नी?"

"कळलं की!" राजेश्वरीही हसली. तिला वाटलं, देव आहे.

सोप्यात परतल्यावर नानासोंनी घसा साफ केला. "बरं का ताई, फोटू आनलाय न्हवं?"

राजेश्वरी या क्षणाचीच वाट बघत होती. तिनं टॅब उघडला. लालभडक, चकचकीत किचन. त्यात ओट्याशी भोपळी मिरची हातात धरून हसत उभी असलेली जाहिरातीतली बाई. सगळी भावकी टॅबवर वाकली. अर्जुना ताठच राहिला, पण त्याची बुबुळं तिकडं वळली.

"ही पूजा," राजेश्वरी अभिमानानं म्हणाली.

"लय देकनी हाय," अंजनाआत्या म्हणाली. "सैपाकाची आवड दिसतीया."

"आमच्याकडं सगळ्यांत जास्त मागणी हिलाच."

"असनारच," नानासो म्हणाले.

"गेल्या महिन्यात एकट्या सांगलीत तीन घरांत दिली."

कुणाच्या तरी हातातली बशी खाली पडली.

"तीन घरात?" नानासोंनी टोपी काढली. "हीच?"

"हीच! एक विश्रामबागेत, दोन मिरज रोडला. तिन्हीकडं लोक खूश आहेत. हवं तर फोन लावून देते, तुम्हीच विचारा." राजेश्वरीची गाडी आता उताराला लागली होती. "आणि तुमच्या खोलीत लांबीला जास्त झाली तरी घाबरू नका. कापून बसवतो आम्ही. परवा कोरेगावात एकीला दीड फूट कापली. कळतसुद्धा नाही."

लीलाबाई उठल्या, कमरेला पदर खोचला आणि म्हणाल्या, "आवं बाई, पोरगी हाय का ऊस?"

"कोण पोरगी?" राजेश्वरी म्हणाली.

"ही! पूजा!"

"पूजा किचन आहे."

"मग ती मिरचीवाली कोन?"

"ती... ती आमची कुणी नव्हे. ती चित्रातच असते."

पुढचं उलगडायला पाच मिनिटं लागली आणि त्यातली चार सगळे एकदम बोलत होते. "तुमीच म्हनला न्हवं, स्थळ बगायला येतो!" असं नानासो म्हणत होते आणि राजेश्वरी फॉर्म पुढं धरत होती. नानासोंनी तो हातभर लांब धरून मोठ्यानं वाचला, "स्थळ... पाहणी... अहवाल. इमारतीचे वय." मग त्यांनी अर्जुनाकडं बघितलं. "तुजं न्हवं रं. घराचं इचारत व्हत्या."

पहिल्यांदा अर्जुना हसला. हसला म्हणजे काय, एकोणतीस वर्षांचा जवान सतरंजीवर आडवा झाला. मग अंजनाआत्या, मग सगळी भावकी. राजेश्वरीही हसली, पण हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि ते हसण्याचं पाणी नव्हतं. आज एकोणतीस तारीख. उद्याचा एक दिवस.

"चुकलं माझं, दादा," ती चष्मा काढत म्हणाली. "तुम्हाला उगीच आशा लावली. पण खोली छान आहे. मनात असेल तर..."

"व्हय, करायचं तर हाय," नानासो ओशाळून म्हणाले. "पर सून आली की. तिच्या पसंतीनं. म्हनून तर मोकळी ठिवलीया. तवा तुमालाच बोलवू."

हे उत्तर राजेश्वरीला नवं नव्हतं. 'मुलाचं झालं की', 'दिवाळी झाली की', 'साहेब आले की'. तिनं टॅब पिशवीत घातला आणि चपला शोधायला लागली.

"सून कवा यायची?" लीलाबाईंनी विचारलं.

"आँ?" नानासो वळले.

"न्हाई, इचारते. घर बांधून चार वर्सं झाली. चार वर्सं त्या खोलीत भात झोपलाय आन् मी भाईर छपरात उकिडवी बसून भाकरी थापतीया. पावसाळ्यात पाठीवर गळतंय. सात वेळा पोहे केलं, ते बी तितंच." त्यांनी राजेश्वरीच्या हातातली पिशवी घेतली आणि खाली ठेवली. "जी अजून गावलीबी न्हाई तिच्या पसंतीची वाट बगायची, आन् जी हाय तिला कुनी इचारायचं न्हाई? ताई, ती लाल काडा भाईर."

"आई, घे तू," अर्जुना उठून बसत म्हणाला. "मी देतो सही."

"तू गप बस. सही मला येती."

नानासोंनी तोंड उघडलं, भावकीकडं बघितलं. भावकी पोहे खात होती. त्यांनी तोंड मिटलं.

राजेश्वरीनं 'ग्राहकाचे नाव' या रकान्यात लीलाबाई लिहिलं. मग दोघी त्या खोलीत गेल्या. नानासो दाराशी येऊन उभे राहिले. "हात असा कोपरात वाकवा, मावशी," राजेश्वरी म्हणाली आणि कोपराखाली चार बोटं सोडून तिनं जमिनीपर्यंत टेप धरला. लीलाबाई ठेंगण्या. माप एकोणतीस इंच भरलं.

"कंपनीचा ओटा चौतीस इंचांचा असतो," राजेश्वरी म्हणाली. "पण तुमच्या मापानं करून देऊ."

"अगं, पर उद्या सून उंच मिळाली तर?" नानासोंनी शेवटचा प्रयत्न केला. "तिला सारकं वाकावं लागंल!"

लीलाबाईंनी माप चुकू नये म्हणून हात जराही हलवला नाही.

"वाकू दे की," त्या म्हणाल्या. "तेवढाच रोज मला नमस्कार हुईल."