खडूचा माणूस आणि बिनखिडकीची खोली

डडली ट्रेलोर स्वतःची ओळख करून देताना आधी घसा साफ करतो, मग पोट आत घेतो आणि मग सांगतो, की क्वीन्सलंडच्या अख्ख्या किनाऱ्यावर त्याच्याइतका तल्लख मेंदू दुसरा नाही. होता एक, पण तोही त्याचाच, तरुणपणीचा. बंडाबर्गच्या नगरपालिकेत एकतीस वर्षं त्याने पाण्याचे मीटर वाचले. 'मीटर खोटं बोलत नाही, मीटरचा मालक बोलतो,' हे त्याचं लाडकं वाक्य. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने कार्डं छापून घेतली: 'डी. ट्रेलोर, खाजगी गुप्तहेर. निरीक्षण, निष्कर्ष, निकाल.' आजवर त्याच्या हाती तीन प्रकरणं आली. त्यांतली दोन त्याच्याच हरवलेल्या चष्म्याची होती.

कार्डाच्या खाली बारीक अक्षरात 'सहायक: क्लाइव' असं छापलं आहे. क्लाइवला कुणी विचारलं नव्हतं. तो डडलीच्या बायकोचा, म्हणजे वेरनाचा, धाकटा भाऊ. मागच्या अंगणातल्या खोलीत राहतो, बहिणीच्या हातचं जेवतो, आणि म्हणून मेव्हण्याचं सगळं मुकाट ऐकून घेतो. पण या महिन्यात त्याला एक आशा लागली होती. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून डडली आणि वेरना ब्रिस्बेनहून जहाजाने नूमेआ-व्हिलाच्या बेटांकडे जाणार होते. नऊ रात्री. नऊ रात्री आणि दहा दिवस कुणीही क्लाइवच्या चहाच्या कपावरचे ठसे तपासणार नव्हतं. त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर ते दिवस रंगवूनसुद्धा ठेवले होते.

खोली जहाजाच्या पोटातली, बिनखिडकीची ठरली होती, कारण खिडकीतून पाळत ठेवता येते असं डडलीचं मत. (समुद्रातून कोण पाळत ठेवणार, असं क्लाइवने विचारलं होतं. 'तेच तर शोधायचंय,' असं उत्तर मिळालं.) आतली मांडणी कशी हवी, एवढंच कळवायचं राहिलं होतं. पलंग जोडलेले की वेगळे, पायथा कपाटाकडे की न्हाणीकडे. ते काम वेरनाकडे होतं. प्रवासाच्या कचेरीतल्या ताशाने गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत खोली राखून ठेवली होती.

गुरुवारी दुपारी अडीच वाजता डडलीने क्लाइवला गॅरेजमध्ये बोलावलं. आवाज असा खाली घेतलेला, की शेजारच्या कुत्र्यानेही कान टवकारले.

गाडी बाहेर काढलेली होती. गॅरेजच्या जमिनीवर निळ्या खडूने एक लांबट चौकोन आखला होता, त्यात आणखी दोन चौकोन, आणि त्यांतल्या एकात हातपाय पसरून उताणा पडलेल्या माणसाची आकृती. चेहऱ्याच्या मधोमध फुली. शेजारी जाड सुतळीचा तुकडा, ठरावीक अंतरावर गाठी मारलेला.

"खून," डडली म्हणाला, आणि त्याचा चेहरा आनंदाने फुलून आला.

क्लाइवने खाली पाहिलं. बहिणीने सदतीस वर्षं अर्ध्या गावाचे कपडे शिवले. कापायच्या आधी ती सगळं पुऱ्या मापात जमिनीवर आखून बघायची, आणि ते याच निळ्या खडूने. हे बंडाबर्गातल्या मांजरांनाही ठाऊक होतं. तो सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात डडली गुडघ्यांवर बसला आणि टेप काढून मोजू लागला. त्याला अडवण्यात अर्थ नव्हता, म्हणून क्लाइव उलट्या बादलीवर टेकला.

बळी पुरुष आहे, असं डडलीने सांगितलं. वय सत्तरीकडे झुकलेलं. कमरेचा घेर बघून त्याने शीळ घातली. माणूस आळशी, बिअरचा भोक्ता, बायकोला घरकामात काडीची मदत न करणारा. खांदे पडलेले, म्हणजे आयुष्यात फारसं काही जमलेलं नाही. असा माणूस गावातून नाहीसा झाला तरी कुणाच्या लक्षात यायचं नाही, असंही तो म्हणाला. क्लाइवने आकृतीकडे पाहिलं, मेव्हण्याकडे पाहिलं, पुन्हा आकृतीकडे पाहिलं. डावा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला होता, डडलीचा वळतो तसाच. क्लाइव छताकडे बघत बसला.

मग डडलीला चौकोनाच्या कडेला काळी राख सापडली आणि तो हरखलाच. पुरावे जाळलेत! क्लाइवने सांगितलं की उसाचा हंगाम चालू आहे, तोडणीआधी शेतं पेटवलीत, ही राख माझ्या चहातही आहे आणि तुझ्या टकलावरही. जन्मभर याच गावात राहिलेल्या माणसाने ते बाणेदारपणे ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि राख पाकिटात भरली.

पुढच्या तासाभरात खुनाचं थडगं झालं, थडग्याचं चोरट्या मालाचं तळघर झालं. सुतळीच्या गाठी म्हणजे दर्यावर्दी टोळीची सांकेतिक भाषा ठरली. तीन गाठींचा अर्थ 'तिघे आहोत' असा निघाला. शेवटी डडली हत्यार शोधायला घरात शिरला आणि वेरनाचा शिवणाचा डबा उपसू लागला. क्लाइव 'अरे, नको, तिला कळलं तर' करत मागोमाग गेला.

डब्यात हत्यार नव्हतं. जहाजाचं माहितीपत्रक होतं. त्यावर आतल्या खोलीच्या चार मांडण्या छापल्या होत्या. जोडलेल्या पलंगांच्या तिन्ही मांडण्यांवर वेरनाने काट मारली होती. चौथ्या मांडणीत दोन एकेकटे पलंग दोन भिंतींना, मधे टेबल. तिच्याभोवती निळं वर्तुळ होतं.

डडलीने ते दोनदा उलटून पाहिलं. मग शिवणयंत्रापुढच्या स्टुलावर बसला. आत घेतलेलं पोट आपोआप बाहेर आलं.

"चाळीस वर्षं, क्लाइव," तो म्हणाला. "आणि आता मधे टेबल."

क्लाइवने डडलीला हरलेलं पूर्वी पाहिलं होतं, दर शनिवारी क्लबात गवतावर चेंडू घरंगळवताना तो हरायचाच. पण हे तसलं नव्हतं. बायकोला आपण शेजारी नको झालोय, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं, आणि ते वाचायला गुप्तहेर लागत नव्हता. क्लाइवला त्याची मनापासून कीव आली. डडलीने सांगितलं, ताशाला फोन कर, खोली नको म्हणावं. त्याबरोबर क्लाइवच्या डोळ्यांपुढून नऊ रंगवलेल्या रात्री एका रांगेत निघून गेल्या आणि त्याला स्वतःचीही कीव आली.

चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती. त्याने फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला. पण रद्द करायचं सोडून त्याने विचारलं, की आमच्या वेरनाने तुला काही सांगितलंय का.

ताशा म्हणाली, सांगितलं काहीच नाही, नुसतं विचारलंय. या आठवड्यात सहा फोन. दर वेळी एकच: उशीपासून भिंतीतला विजेचा प्लग किती लांब. जोडलेले पलंग घेतले तर तो समोरच्या टेबलापाशी राहतो आणि वेगळे घेतले तर एक उशी त्याच्या लगत येते, हे कळल्यावर बाई फार हिरमुसली. घरची लांब वायर जहाजावर नेऊ देत नाहीत, हे तिने कुठेतरी वाचलं होतं.

"तुमच्या घरात नाकाला मशीन लावून झोपणारं कुणी आहे का हो?" ताशाने विचारलं.

ट्रेलोरांच्या घरात तीन विषय काढायचे नाहीत, अशी डडलीची सक्त ताकीद होती: नगरपालिकेतला निरोपसमारंभ, क्लबातला अंतिम सामना, आणि गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी घोरण्यावर दिलेलं ते मशीन. रात्री तो दिवा मालवल्यावरच ते लावायचा आणि सकाळी मोज्यांच्या खणात लपवायचा.

"आहे," डडली म्हणाला. "माझ्या एका अशिलाला लागतं."

"अशील तुमच्याच खोलीत झोपणार का?"

डडलीने क्लाइवकडे पाहिलं. क्लाइवने भिंतीकडे पाहिलं.

"मलाच लागतं," डडली म्हणाला.

मग ताशाने जे सांगितलं ते अगदी साधं होतं. त्या जहाजावरच्या निम्म्या लोकांकडे ते मशीन असतं. अर्जात एक खूण करायची, की लांब वायर जहाजवालेच उशीपाशी आणून ठेवतात. पण मशीन आहे, हे कुणीतरी तोंडाने सांगावं लागतं.

दारात वेरना उभी होती, हातात भाजीची पिशवी. ती केव्हापासून उभी होती कुणास ठाऊक.

"मशीनचं नाव काढायचं नाही म्हणालास," ती डडलीला म्हणाली, "म्हणून मी खडूने बोलले. मशीनच्या वायरीएवढी सुतळी घेऊन तुझं नाक प्लगपर्यंत पोचतंय का ते तीन तीनदा मांडून पाहिलं. दर वेळी हातभर कमी. तुला श्वास नको का यायला? म्हणून काट मारली. मला काय हौस होती?"

डडलीने हळूच विचारलं, "तो गॅरेजमधला जाडा मीच?"

"तूच. गेल्या महिन्यात तू झोपला होतास तेव्हा माप घेतलं."

फोनवर ताशा अजून होतीच. तिने विचारलं, पाचला दहा कमी आहेत, पलंग जोडलेले की वेगळे? डडलीने पोट आत घेतलं, घसा साफ केला आणि निकाल दिला.

"जोडलेले. मशीन डाव्या बाजूला. मोठ्या अक्षरात लिही, मुली."

दुसऱ्या दिवशी सकाळी डडली गाडी आत घ्यायला गेला आणि आकृती पुसायच्या आधी त्याने तिच्यात आडवं होऊन पाहिलं. अगदी चपखल बसला. वेरना झाडू घेऊन आली होती, ती फुलीकडे बघून हसली आणि शेजारच्या चौकोनात जाऊन टेकली. क्लाइव दारातून तसाच मागे फिरला. व्हरांड्यातल्या टेबलावर प्रकरणांची वही उघडी होती, तिच्यावर उसाची राख पडली होती. त्याने फुंकर मारली आणि वाचलं.

'प्रकरण चौथे. गुन्हेगार: डी. ट्रेलोर. शोधून काढला: डी. ट्रेलोर यांनी. शिक्षा: नऊ रात्री, बायकोशेजारी. सहायकाचा काहीही उपयोग झाला नाही.'