सोळाव्या सोमवारचं मौन

पुष्पलताबाईंचा शब्द म्हणजे शब्द! आणि सोमवारी तर शब्दच नाही! खोडाळ्याजवळच्या दोनशिक्षकी शाळेत बाई दर सोमवारी सूर्यास्तापर्यंत मौन पाळत, पोरांना फळ्यावर लिहून शिकवत. यंदा त्यांनी सोळा सोमवार धरलेले. आजचा सोळावा. तोंडून एक अक्षर निसटलं की पुन्हा पहिल्यापासून!

नेमके आजच केंद्रप्रमुख उमेशसाहेब इंग्रजीचा तास बघायला येणार होते. विषय काय, तर दुसऱ्यावर हुकमत गाजवण्याचे वाक्प्रचार!

"बाई, आता कसं हो?" मुकेशसरांना घाम फुटला. मुख्याध्यापकाचा चार्ज त्यांच्याकडे होता आणि तो बाईंच्या गळ्यात घालायला ते दोन वर्षं टपलेले. पण चार्ज म्हणजे मोखाड्याच्या मीटिंगा, ती ऑनलाइन माहिती! मग पूजा कधी, पोथी कधी? बाई दरवेळी हळूच "नको" म्हणत. विषय संपे.

बाईंनी फळ्यावर ठसठशीत लिहिलं: 'तुम्ही वाचा, मी करून दाखवते. बोलायला कशाला हवं!'

"अंडर द थंब!" सरांनी वाचलं. बाईंनी त्यांना खुर्चीत बसवून टाळूवर अंगठा दाबला. पोरं खिदळली. बाई मनातून उखडल्या. काय मेली ही भाषा! माणूस आहे की ढेकूण?

"रॅप अराउंड युवर लिटल फिंगर!" वटपौर्णिमेचं सूत उरलं होतं. सरांच्या मनगटांना ते गुंडाळून टोकं बाईंनी आपल्या करंगळ्यांना बांधली. "पुल द स्ट्रिंग्ज!" बाईंचा हात वर, सरांचा हात वर!

"ईट आउट ऑफ युवर हँड!"

शिव शिव! परपुरुषाला भरवायचं, तेही सोमवारी? पण तास म्हणजे तास. बाईंनी उपासाचं केळं तळहातावर धरलं. सरांनी वाकून अख्खं तोंडात घेतलं.

आणि दारात उमेशसाहेब!

"हे काय चाललंय?"

"मं... मं!" सर म्हणाले.

खिचडी शिजवणारी हौशी डाव घेऊन धावत आली. "साहेब, हितं बाईंशिवाय पान हालत नाय!"

साहेबांनी सुताकडे पाहिलं, केळ्याकडे पाहिलं. "मग चार्ज यांच्याकडे कशाला? बाई, आजपासून मुख्याध्यापक तुम्ही. हरकत असेल तर आत्ता बोला."

आत्ता! पंधरा सोमवार बाईंच्या मागे हात जोडून उभे राहिले. लिहावं म्हणून त्या फळ्याकडे झेपावल्या, तर खुर्चीसकट सर मागून फरफटत आले. बाईंनी जिवाच्या आकांतानं दोन्ही हात हलवले. नाही! नाही! त्याबरोबर सरांचे हात उडाले आणि फाट्‌कन टाळी वाजली. पोरांनीही टाळ्यांचा कडकडाट केला!

"वा! सगळ्यांचीच संमती!" साहेबांनी वहीत लिहूनही टाकलं.

सरांचं केळं एव्हाना पोटात गेलं होतं. तोंड रिकामं होतं. पण बोलले का एक शब्द? यांना कुठलं आलंय व्रत!

सूर्य बुडाला. बाईंनी घरी दिवा लावला, शंकराला नमस्कार केला. दिवसभर घशात अडकलेला शब्द हळू, पण ठाम आवाजात बाहेर पडला.

"नको!"

शेजारीच राहणारी हौशी नेमकी तेव्हाच नव्या मुख्याध्यापकबाईंसाठी आलं घातलेला चहा घेऊन दारात आली होती.

"बरं बाई," ती आदबीनं म्हणाली, आणि कप घेऊन परत गेली.

बाईंचा शब्द म्हणजे शब्द!