गाड्यांच्या देखत

निहारला या व्यवहारात मिळणार होतं ते थोडंथोडकं नव्हतं. लग्नात नवरदेव साठच्या दशकातल्या लाल इटालियन स्पोर्ट्स कारमधून उतरणार, पुण्याच्या आत्या-मावश्या आ वासून बघणार, आणि खिशाला चाट शून्य!

गाडी गुंडूअण्णांची. अण्णा मूळचे निपाणीकडचे. कानडी मुलखात, पीण्या औद्योगिक वसाहतीत त्यांची लेथची शेड, आणि शेडमध्ये मागे एकाच सालच्या दोन गाड्या. लाल इटालियन, निळी अमेरिकन. लग्नासाठी त्यातली एक द्यायला ते तयार होते. अट एवढीच, की कुठली हवी ते शेडबाहेर येऊन सांगायचं. "त्यांच्या देखत तुलना नको, तम्मा. मनाला लावून घेतात."

निहारने मान डोलावली, म्हाताऱ्या माणसांपुढे डोलावतात तशी.

आयुधपूजेची दुपार. पूजा आटोपून कामगार घरी गेलेले, यंत्रं झेंडूच्या माळा घालून गप्प. दाराशी पाटावर पाने, जॅक, दोन बॅटऱ्या, सगळ्यांना हळदकुंकू. अण्णा प्रसादाचे चुरमुरे आणायला वळले, आणि निहारने होणाऱ्या बायकोला फोन लावला.

"स्वानंदी, लालच घेऊ. काय कंबर आहे! वळणावर नाचत जाईल. निळी म्हणजे नुसता रेडा. इंजिन मोठं, अक्कल कमी, सरळ रस्त्यापुरती शहाणी."

निळीचे दिवे लागले.

मंद, पिवळे. झोपलेल्याने डोळे किलकिले करावेत तसे. निहार दोन पावलं मागे सरकला. पण गडी ऑफिसातल्या मीटिंगांत मुरलेला. बाजू कधी बदलायची ते त्याला शिकवावं लागत नसे. "म्हणजे, दमदार आहे हं निळी," तो घाईने म्हणाला. "लालचे नखरेच फार. महिन्यातून पंधरा दिवस गॅरेजात."

दिवे विझले. लालचा हॉर्न वाजला. लांब, बारीक, थरथरता.

"निहार," फोनवर स्वानंदीने विचारलं, "कोण रडतंय तिथे?"

निहारने फोन बंद केला आणि दोघींना हात जोडले. दोघीही गुणाच्या, तुलना करणाराच मूर्ख, माझी स्वतःची गाडी तर पत्र्याचा डबा, असं सगळं त्याने एका दमात कबूल केलं. शेड शांत झाली.

अण्णा आले तेव्हा त्याने घाम पुसत, वायरिंग एकदा तपासून घ्या, असं सुचवलं.

"वायरिंग सरी आहे, एकदम ठीक," अण्णा म्हणाले आणि त्यांनी पाटाकडे बोट दाखवलं. "बॅटऱ्या तर सकाळीच काढून पूजेला ठेवल्यात."

निहार चुरमुरे सांडत बाहेर पळाला. त्याची छोटी गाडी शेडच्या उघड्या दाराला नाक लावून उभी होती. धुळीने माखलेली, अंगावर साधं एक फूल नाही. तो आत बसला, चावी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली.

खट्. चारही दारं आतून लागली.

लग्नात नवरदेव उतरला तो त्याच डब्यातून. टपावर पाच हार, चारही चाकांखाली लिंबं. आणि उतरण्याआधी त्याने स्टिअरिंगवर वाकून हळूच काहीतरी विचारलं, मगच दार उघडलं. आत्या-मावश्यांनी आ वासला तो हे बघून.

एकूण हिशेब पाहता लाल-निळीचा मान राहिला, डब्याला वरात मिळाली, निहारचा जीव वाचला. भुर्दंड पडला तो स्वानंदीला. या संसारात आपला नंबर दुसरा, हे तिला मांडवाच्या दारातच कळलं.