दादाची डिस्क नाही म्हणते

कॉम्प्युटर फार हळू झालाय, तेव्हा आपणच तो नीट करावा, असं रेनिएरने ठरवलं आणि तिथेच माशी शिंकली. (याआधी त्याने इस्त्री नीट केली होती. तेव्हापासून घरातली माणसं चुरगळलेलीच हिंडतात.)

कॉम्प्युटर थोरल्या भावाचा, एलिएसेरचा. एलिएसेर ट्रक घेऊन हवानाला जायचा आणि लिहायचा कंटाळा म्हणून बायकोसाठीचे निरोप कॉम्प्युटरवर बोलून ठेवायचा. मार्चमध्ये घाटात ट्रक उलटला आणि तो गेला. फोटो उरले, सदरे उरले. आवाज मात्र त्या एका डिस्कवर. शेवटचा निरोप लावला की यंत्र ‘मा...’ एवढंच म्हणून गोठायचं.

नवी सिस्टीम टाकली की दादा पुढचं बोलेल, असं रेनिएरला वाटलं. गल्लीत डिस्कवर मालिका भरून देणाऱ्या ओस्मेलने एक पेनड्राइव्ह नि एक प्रोग्रॅम देऊन बजावलं होतं, “आधी सिस्टीम पेनड्राइव्हवर भर, मग मला बोलाव.” कुठे भरू, असं विचारत प्रोग्रॅमने दोन नावं दाखवली, एक लहान, एक मोठं. रेनिएरने मोठं निवडलं. दादाच्या बाबतीत कंजुषी कशाला?

पडद्यावर आलं: परवानगी नाही.

त्याने पुन्हा दाबलं. परवानगी नाही. टेबलाला लाथ घातली. तरी नाहीच.

“वहिनी, याला कुलूप कुणी घातलं?”

मायदेलीन तांदूळ निवडत होती. “कोण घालणार? हल्ली त्याला हात लावतोस तू एकटा.”

“आणि ओस्मेल?”

“तो शनिवारी मालिका भरून देतो नि जातो.”

“कॉफी पिऊन जातो!”

“मग काय, तोंड धुऊन जाऊ दे त्याला?”

रेनिएरच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. साखर विरघळली तरी तो ओस्मेल कप ढवळतच बसतो! म्हणजे दादाचा आवाज कोंडायचा, वहिनीने गयावया करायची आणि याने कॉफी ढवळायची. त्याने स्क्रूड्रायव्हर घेतला, डिस्क उपसली, सदऱ्यात खुपसली आणि तडक निघाला. तांदळाचं ताट हातात तसंच धरून वहिनी मागोमाग धावली.

ओस्मेलच्या ओट्यावर आठवड्याच्या मालिका भरून घ्यायला बायका आपापल्या डिस्क घेऊन बसल्या होत्या.

“कुलूप काढ, चोरा! नाहीतर तुझ्या मशीनवर जबरदस्तीने सिस्टीम भरतो हिच्यात.”

“यादीत काय निवडलंस?”

“मोठं.”

ओस्मेलचा चेहरा पांढराफटक पडला. “अरे गाढवा, मोठी म्हणजे हीच डिस्क! यंत्र जिथून जागं होतं ती पहिली जागाच पुसायला निघालास. चालू सिस्टीम स्वतःच्या मुळावर कुऱ्हाड घालू देत नाही, म्हणून वाचला तुझा भाऊ.”

“आणि तुझ्या मशीनवर?”

“इथे ही पाहुणी. हिला निमूट पुसलं असतं.”

रेनिएरने डिस्क छातीशी अशी आवळली की ती सोडवायला दोन बायका लागल्या. ओस्मेलने ती आपल्या धडधाकट मशीनला जोडून फक्त निरोप लावला. बायका पुढे सरकल्या.

“मायदे,” दादा म्हणाला. मग खोकला, नेहमीसारखाच. “कोंबड्यांना पाणी ठेव. मंगळवारी येतोच. आणि हे बघ, रेनिएरला कॉम्प्युटरला हात लावू देऊ नकोस. पोरगा सोन्यासारखा आहे, पण हात कुऱ्हाडीचे.”

ओटा खो खो हसला. वहिनी हसता हसता रडायला लागली, तांदूळ सगळे ओट्यावर सांडले.

“परत लाव,” डोळे पुसत रेनिएर म्हणाला आणि माउसकडे हात नेला.

वहिनीने त्या हातावर सणसणीत फटका दिला.