पाटांना रंग लागला त्याची गोष्ट

रोह्याच्या कारखानदार मंडळींचं पत्र आलं आणि कमळाकर मूर्तिकाराची झोप उडाली. तिकडे औद्योगिक वसाहतीत चांगल्या चालत्या कंपन्यांना एकेक करून टाळं लागत होतं. म्हणून पेणचा हा गणपतीचा कारखाना साठ वर्षं टिकला कसा, हे बघायला तिघे साहेब गुरुवारी येणार होते. आता आली का पंचाईत! कमळाकरला तरी कुठं ठाऊक होतं? आजोबांनी काढला, वडिलांनी चालवला, म्हणून तोही चालवत होता. आपल्या हातून बुडू नये, एवढंच त्याचं रोजचं मागणं.

सांगायला काही नाही तर दाखवायला तरी असावं, म्हणून त्याने साफसफाई काढली. भिंतींना चुना झाला, साचे फळीवर चढले, आणि मग त्याची नजर कोपऱ्यातल्या पाटांवर गेली. आसपासच्या गावांतली घरं दर आषाढात आपापला पाट आणून देत आणि त्याच पाटावर त्यांची मूर्ती होई. चाळीस पाट, चाळीस तऱ्हा. कुणाचा तेलकट, कुणाचा एक पाय लंगडा. कमळाकरने मंगळवारी सगळे खरवडून घेतले, लंगडे पाय नीट केले आणि दोन्ही बाजूंनी लालभडक रंगवून ओळीत मांडले. अशी शिस्त त्या कारखान्याने जन्मात पाहिली नव्हती.

त्याची बायको जनी चहा घेऊन आली आणि कौतुकाने बघत राहिली.

"ब्येस दिसतायत," ती म्हणाली. "यातला सीताबाईंचा कुठचा?"

कमळाकरचा चहा तिथेच निवला. नावं पाटांच्या खालच्या अंगाला कोळशाने लिहिलेली असायची.

रात्रभर त्याने डोकं चालवलं आणि बुधवारी सकाळच्या एसट्यांबरोबर गावोगाव निरोप धाडले, की सवडीने येऊन आपापला पाट ओळखावा. आठवडाभर दोघं-चौघं येतील असा त्याचा हिशेब. पण घरच्या गणपतीचा पाट म्हटल्यावर सवड कोण बघतो? गुरुवारी दहाच्या आत चाळीसच्या चाळीस घरं दारात हजर.

मग काय विचारता! कुणी पाट उचलून वजन घेई, कुणी वास घेई, एकाने तर प्रत्येक पाटावर मांडी घालून बघितली. दुपारपर्यंत निम्मे ओळखले गेले. बाकीच्यांवर जुंपली, आणि एका फणसाच्या पाटाची दोन टोकं महिपती आणि सीताबाई या दोघांनी धरली. महिपती डोंगराकडचा भातशेतीवाला, सीताबाई खाडीकाठची मिठागरवाली. दोघंही सोडणाऱ्यांतली नव्हेत.

"पुढल्या वर्षी आमचा गणपती दुसरीकडं," महिपती म्हणाला. मागून दहाजणांनी तेच म्हटलं. साठ वर्षं, आणि बुडवणारा नेमका आपण!

नेमकी त्याच वेळी साहेबांची जीप थांबली. मोठ्या साहेबांनी वही उघडून प्रश्न विचारला. कमळाकरला खोटं बोलायचंही त्राण नव्हतं.

"टिकला कसा ते मला ठाऊक नाय, साहेब. पण आज बुडतोय, तो कसा ते सांगतो." आणि त्याने सगळं सांगून टाकलं.

सीताबाईने पाटाचं टोक न सोडता मान वळवली.

"बुडतोय कसला? याच्या आज्यानं आमची सोंड आखूड केली, तवा माझा सासरा भांडला. याच्या बापानं पितांबर हिरवा रंगवला, तवा मी भांडले. हा महिपती तर दर साल दुसरीकडं जातो."

"जाणारच हाय," महिपती म्हणाला. "आधी माझा पाट द्या."

कमळाकरने दोघांकडे पाहिलं. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्याला बरं वाटलं.

साहेब मात्र गोंधळले. "आमच्याकडे असं कधीच होत नाही," ते जरा अभिमानानेच म्हणाले. "तीन वर्षांत एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही. गेटवर तसा फलक लावलाय. सगळे खूश आहेत."

सीताबाईला त्यांची खरोखर कीव आली.

"खूश नाय रे बाबा," ती हळूच म्हणाली. "ते गेले."